लिव्हर वर होता

३ फेब्रुवारी, मंगळवार

पिवळीचा तोच कोड आज पुन्हा आला.

यार्डातल्या सगळ्याच पोकलेन मशिनी पिवळ्या आहेत, पण नुसतं 'पिवळी' म्हटलं की घरात प्रत्येकाला कळतं कोणती ते. ह्यांनी ती गेल्या महिन्यात लिलावातून आणली. जुनी असली तरी अंगापिंडाने चांगली, इंजिनचा आवाज गोड, बकेटचे दातसुद्धा नवे. खोड एकच. चालता चालता मध्येच शिट्टी वाजते, पडद्यावर कोड उमटतो आणि मशीनचा हात जिथे असेल तिथे थिजतो. थोड्या वेळाने आपलं आपण ठीक होतं, जसं काही झालंच नाही.

माहितीपुस्तकात कोडचा अर्थ एका ओळीत दिलाय: लॉक लिव्हरच्या स्विचचं सर्किट तुटलेलं आहे. लॉक लिव्हर म्हणजे ऑपरेटरच्या खुर्चीच्या डाव्या अंगाचा दांडा. खाली केला की मशीनमध्ये जीव येतो. वर केला की जीव जातो, मग जॉयस्टिकवर कुणी बसलं तरी काही हलत नाही. उतरताना ऑपरेटर तो वर करतो आणि मगच पाय बाहेर टाकतो. हे सगळं एका बोटभर स्विचच्या जिवावर.

पण कोड तुटलंय एवढंच सांगतो, कुठे ते सांगत नाही. शेजारणीने दारात येऊन 'तुमच्याकडून कसला तरी जळका वास येतोय' म्हणावं आणि निघून जावं, तशातली गत. घर आपण हुंगत फिरायचं.

जेवताना ह्यांना सांगायला लागले, तर म्हणाले, "अगं, घास तरी गिळू दे. तुझ्या वायरी जेवणानंतर." जेवणानंतर झोपले. म्हणून इथे लिहितेय. गाड्यांच्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून मी ह्यांच्या यार्डात आले तेव्हा सगळे म्हणाले होते, नवरा-बायकोने एका छपराखाली धंदा करू नये, भांडणं होतात. भांडायला आधी एकमेकांचं ऐकावं तरी लागतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर भावजी आणि मी पिवळीला चिकटून होतो. भावजी ह्यांचे धाकटे भाऊ आणि यार्डाचे एकुलते एक ऑपरेटर. ते केबिनमध्ये, मी बाहेर ट्रॅकवर गुडघे टेकून, मीटरच्या सुया स्विचच्या जोडणीत खुपसून. त्यांनी मशीन हलवायची, मी आकडा बघायचा.

"वहिनी, आता?"

"आता ठीक."

"आता?"

"ठीकच आहे."

"मग आपणच बिघडलोय."

दुपारी खुर्चीखालची जोडणी उघडली तर आतलं तांबं हिरवंगार. आधीच्या मालकाने केबिन पाण्याच्या पाइपने धुतलेली असणार. आपल्याकडे लोक मशीन म्हशीसारखी धुतात. घासली, गंज काढायच्या औषधाचा फवारा मारला, वाळवली, परत बसवली. स्विचवरही फवारा मारून घेतला. बराच वेळ कोड नाही. मी मनातल्या मनात नाचून घेतलं. भावजींनी मशीन गेटपर्यंत नेली, वळवली, हात लांब केला आणि वाजली शिट्टी.

ते उतरून माझ्याशेजारी ट्रॅकवर बसले. "ही आपल्या आईसारखी आहे," म्हणाले. "डॉक्टरपुढे नेली की काहीच दुखत नाही."

मला हसू आवरेना. सकाळपासूनची चिडचिड त्यात गेली. ह्या घरात आले तेव्हा मला मशीन चालवायला भावजींनीच शिकवलं. आपण जी नीट करतो ती चालवता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ह्यांना ते पटलं नव्हतं, पण अडवलंही नाही.

संध्याकाळी चिमणी, भावजींची मुलगी, माझ्या नखांतलं ग्रीस काडीने काढत बसली होती. "काकू, तू मोठी झालीस की तुझे हात गोरे होतील," म्हणाली.

७ फेब्रुवारी, शनिवार

सापडल्यासारखं वाटतंय. लिव्हर वर केला की त्याच्यासोबत अख्खा डावा कन्सोल, म्हणजे जॉयस्टिक बसवलेला खोका, उचलला जातो. तेव्हा खालचा वायरींचा जुडगा वाकतो. वर्षानुवर्षं वाकून त्यातली एखादी वायर आतून तुटली असणार आणि वरचं आवरण शाबूत. ताण आला की सुटते, सैल पडली की भिडते. डोळ्यांना दिसणार नाही. अख्खा जुडगा उघडून एकेक वायर बघायला हवी. दोन-तीन दिवस लागतील.

ह्यांना सांगितलं. सोमवारी पाइपवाले येणार आहेत, म्हणजे पाण्याच्या पाइपलाइनचं काम घेणारे कंत्राटदार. यार्ड उघडल्यापासून इतकं मोठं गिऱ्हाईक पहिल्यांदाच दारात येतंय. आवडली तर पिवळी आठवडाभर साइटवर चालवून बघणार, चालवायला आपले भावजी, आणि मग पुढे आणखी मशिनी.

"सोमवारी ती उघडी पडलेली दिसली तर ते गेटातूनच वळतील," हे म्हणाले.

"मग मंगळवारी बोलवा."

"असल्या माणसांना मंगळवार नसतो गं." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या तर? तात्पुरत्या?"

मी पान्हा खाली ठेवला. "मग लिव्हर वर केला तरी मशीन जिवंत राहील. माणूस उतरतोय आणि त्याची बाही जॉयस्टिकमध्ये अडकली, की संपलं. वर्कशॉपमध्ये असं करणाऱ्याला आम्ही दारात उभं करत नव्हतो."

"बरं बरं. नुसतं विचारलं."

मग त्यांनीच चहा करून आणला. म्हणाले, उद्या रविवार आहे, आईला घेऊन तुझ्या बहिणीकडे जाऊन ये, कधीची जाईन जाईन म्हणतेयस. खरंच मी दमलेय. आपण होऊन असं कधी सुचत नाही त्यांना.

८ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे. सासूबाईंनी तिच्या नव्या पडद्यांना नावं ठेवली, तिने हसून घेतलं. दुपारी गाढ झोपले. यार्डाची आठवणसुद्धा आली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

कोड गेला!

सकाळी पोचले तर पिवळी धुऊनपुसून उभी आणि पाइपवाले स्वतः केबिनमध्ये. ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काल दिवसभर चालवली. एकदाही नाही आला. तुझी ती जोडणी आतून ओली राहिली असणार, वाळल्यावर बसली जागेवर."

म्हणजे गुरुवारचंच माझं निदान बरोबर होतं आणि शनिवारची तुटकी वायर माझ्या डोक्यातली. एकीकडे सुटल्यासारखं वाटलं, एकीकडे थोडी खट्टू झाले. तुटकी वायर सापडली असती तर मजा आली असती.

मी म्हटलं, लिव्हर वर करून एकदा बघते. हे म्हणाले, "मी बघितलंय. वर केला की सगळं बंद. आता गिऱ्हाइकासमोर बाईमाणूस केबिनमध्ये चढून शंका काढायला लागलं की झालंच." मी ऐकलं. गिऱ्हाइकासमोर तमाशा नको.

भावजी आज गप्प होते. मशीन ट्रॉलीवर चढवून खाली आले तेव्हा मी म्हटलं, बघा, आपण बिघडलेलो नव्हतो. हसले नाहीत. "आता माझा नियम, वहिनी," म्हणाले. "इंजिन बंद केल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही." चांगलाच नियम आहे. आजच कुठून सुचला कोण जाणे.

११ फेब्रुवारी, बुधवार

साइटवरून फोन. कोड नाही. पाइपवाले खूश. घरी सगळ्यांची कळी खुललीय, हे तर गुणगुणतायत. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, एकटीच कुरकुरत होती की भावजी घरी आले की बोलत नाहीत. साइट लांब आहे, दमत असतील.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भावजी गेले. शुक्रवारी, साइटवर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज जमतंय तर लिहून ठेवते.

खंदकाची एक बाजू ढासळली आणि आत काम करणारा एक मजूर कमरेपर्यंत मातीत गेला. भावजी वर मशीनवर होते. त्यांनी बघितलं आणि उडी टाकायला उठले. जाकिटाची बाही डाव्या जॉयस्टिकमध्ये अडकली. मशीनचा वरचा भाग फिरला. शेजारी पाइपांचा ढीग होता. ते मध्ये सापडले.

इंजिन चालू होतं. मातीत गेलेल्या माणसाला बघून इंजिन कोण बंद करत बसेल.

तो मजूर वाचला. आज काठी टेकत घरी आला, दारातच बसला, आत येईना. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "मी खालून बघत होतो. दांडा वर केला त्यांनी. पक्का वर केला, मगच उठले. सगळ्यांनी बघितलंय."

लिव्हर वर होता. तरी मशीन हलली.

मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. स्विच मी साफ केला होता. त्यावर फवारा मी मारला होता. आतली पट्टी त्याने चिकटली असेल. पट्टी चिकटली की लिव्हर वर असो वा खाली, स्विच चालूच. आणि सोमवारी बघते म्हणाले आणि बघितलं नाही.

हे मागून आले. मी त्यांना म्हटलं, "माझ्यामुळे झालं." त्यांनी हात पुढे करून नळ बंद केला. मग म्हणाले, "असं म्हणू नये."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशीचे साहेब यार्डात येऊन गेले. पिवळी आता इथेच आहे, मागच्या कुंपणाजवळ, ताडपत्रीखाली. साहेबांनी लिव्हर वरखाली केला, मशीन थांबत नाही हे बघितलं, फोटो काढले. कन्सोल काही उघडला नाही. ह्यांना विचारलं, दुरुस्ती कुणी केली.

"इलेक्ट्रिकचं सगळं हीच बघते," हे म्हणाले. जमिनीकडे बघून.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जे होतं ते सांगितलं. कोड येत होता, जोडणी साफ केली, स्विचवर फवारा मारला, कोड गेला, नंतर स्वतः तपासलं नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, आपल्याच घरातला माणूस. काय बोलणार."

संध्याकाळी कन्सोल उघडून बघावा म्हणून मी ताडपत्रीला हात घातला. हे धावत आले, माझं मनगट धरलं. "नको. तुला नाही सहन होणार ते." मलाच वाईट वाटलं. सख्खा भाऊ गेला, आणि हे मला जपतायत.

२ मार्च, सोमवार

पिवळी गेली. चौकशीवाल्यांची परवानगी मिळताच लांबच्या एका खाणवाल्याला ह्यांनी आहे तशी देऊन टाकली, लिव्हर चालत नाही हे सांगून. त्याचा वायरमन करून घेईल म्हणे. मला ट्रॉली निघाल्यावर कळलं. मी म्हटलं, एकदा मला उघडू द्यायची होती. म्हणाले, "रोज तिचं तोंड बघून तू वेडी झाली असतीस."

एक विचार डोक्यात आला. तो इथे लिहिणार नाही. ज्या माणसाला मी स्वतः समोर बसवून सांगितलं होतं की काय होईल, तो माणूस असं करणार नाही. आणि मी असला विचार करते म्हणजे आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारायला निघालेय, दुसरं काय.

११ मार्च, बुधवार

सासूबाई माझ्या हातचा चहा घेत नाहीत. बोलल्या नव्हत्या आतापर्यंत, आज बोलल्या. "माझा पोर पोटापुरता शिकला आणि सुखात होता. तुझ्या हुशारीने त्याला खाल्लं."

हे समोर पेपर धरून बसले होते. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. पान उलटलं त्यांनी.

मी त्यांना दोष देत नाही. आईपुढे काय बोलणार. रात्री ते जेवत नाहीत, ताटावर बसून उठतात. गालफडं आत गेलीत. मी पाय चेपायला घेतले तर पाय ओढून घेतात.

धाकटीचं मात्र मला कळत नाही. तिने माझ्यावर ओरडायला हवं, केस ओढायला हवेत. ती काहीच म्हणत नाही. आज मी भांडी घासता घासता रडत होते, तर मागे येऊन उभी राहिली, म्हणाली, "ताई, नका ना रडू. तुम्ही नका रडू." आणि स्वतःच तोंडावर पदर घेऊन आत पळाली.

हत्यारांची पेटी कुलूप लावून माळ्यावर टाकलीय. यार्डात आता बाहेरचा वायरमन येतो.

१९ मार्च, गुरुवार

दुपारी यार्डाच्या फोनवर मीच होते. खाणवाल्याच्या वायरमनचा फोन. आवाजावरून वयस्क, सावकाश बोलणारा.

"बाई, पिवळ्या मशीनबद्दल विचारायचं होतं. आज कन्सोल काढला. ही लिव्हरची जोडणी तुमच्याकडे कुणी केली?"

मी म्हटलं, मी साफ केली होती.

"साफ नाही हो. स्विचच्या दोन्ही वायरी खाली, खुर्चीपाशी सोलून एकमेकींना पिळल्यात. वरून कापडी टेप. मी काढून टाकलं ते. पण म्हटलं विचारावं, काही कारणाने केलं असेल तर."

मी कापडी टेप वापरत नाही. माझ्या पेटीत ती नसतेच. पाइप गळायला लागला की हे गुंडाळतात ती.

मी विचारलं, "आणि स्विच?"

"स्विच एकदम ठणठणीत. दोष कन्सोलच्या वळणावर होता. वायर आतून तुटलेली, वरून कळत नव्हती. जोडली, आता लिव्हर छान चालतोय."

खोटं लिहिणार नाही. पहिल्यांदा मला आनंद झाला. एक क्षणभर. तुटकी वायर होती, मी म्हटलं तिथेच होती. मग हातातला फोन जड झाला आणि मी खुर्चीवर बसले. समोर काचेतून हे दिसत होते, एका गिऱ्हाइकाला मशीनभोवती फिरवून दाखवत होते. हसत होते.

२० मार्च, शुक्रवार

गिऱ्हाईक नसताना गाठलं. ऑफिसचं दार लावून घेतलं आणि वायरमनने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं.

ते नाही म्हणाले नाहीत. खुर्चीत खाली खाली घसरत गेले.

"आठवड्याचा प्रश्न होता," म्हणाले. "पाइपवाल्यांनी पसंत केली असती, मग म्हटलं असतं सर्व्हिसला आणतो, आणि तू तुझा जुडगा उघडला असतास. कुणाला कळलंही नसतं."

"मला महिनाभर बघत होतात तुम्ही."

"मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो. तू मोरीत उभी होतीस. मी सांगायलाच आलो होतो. तू आधीच म्हणालीस, माझ्यामुळे झालं."

"मग?"

"मग नाही सांगता आलं."

"मग सोपं झालं."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. टेबलावरच्या कागदांवर हात फिरवत राहिले. म्हणाले, "त्याला बजावलं होतं गं. इंजिन बंद केल्याशिवाय उतरू नकोस म्हणून शंभरदा बजावलं होतं."

मी उठले होते, परत बसले. "भावजींना माहीत होतं?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सोळा वर्षांचा संसार. मी ह्यांच्यावर हात उगारेन असं वाटलं होतं, नाही उगारला. ते रडायला लागले तेव्हा पदराने त्यांचं तोंडही पुसलं. सवयीने. मग स्वतःचीच किळस आली.

जाताना सांगून आले की सोमवारी मी चौकशीच्या ऑफिसात जाऊन जबाब बदलणार. तुमचं तुम्ही आईला सांगा. मी नाही सांगणार.

२१ मार्च, शनिवार

धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी बालदीतून एकेक कपडा पिळून तिच्या हातात देत गेले. चिमणीचे फ्रॉक, सासूबाईंची लुगडी. मग विचारलं. तिने हातातला फ्रॉक दोरीवर नीट पसरला, चिमटे लावले, मगच बोलली.

"त्या रविवारी टॉर्च ह्यांनीच धरला होता. दादा वायर जोडत होते आणि हे टॉर्च धरून उभे. घरी येऊन मला सांगितलं. म्हणाले, वहिनीला कळलं तर ती मला कधी माफ करायची नाही."

"मग नाही का म्हणाले नाहीत?"

"दादाला? आजवर कधी म्हणालेत?"

खरं आहे. भावजींनी ह्यांना नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

"आणि तू," मी म्हटलं, "तू बघत होतीस. आई मला काय काय बोलल्या ते."

"बघत होते." तिचा आवाज चिरकला. "मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, माहीत होतं तरी चढला. स्वतःच्या हाताने गेला. चिमणीला मोठेपणी हेच ऐकायला मिळालं असतं. आता निदान म्हणतात, दुसऱ्याला वाचवायला गेला. तेही खरंच आहे ना, ताई? तेही खरं आहे."

"खरं आहे."

"मग तेवढंच राहू द्यायचं होतं मला. तुमचं काय होतंय ते दिसत होतं. पण तुम्ही घट्ट आहात, तुम्हाला झेपेल असं वाटलं."

घट्ट. ह्या घरात सगळ्यांना हेच वाटलं म्हणायचं. भावजींनाही वाटलं असेल, की वहिनी आज ना उद्या शोधून काढेलच.

मला तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण बालदी रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो, आणि शेवटची चादर जड होती म्हणून दोन टोकं दोघींनी धरून पिळली.

२३ मार्च, सोमवार

मी निघाले तर हे चपला घालून फाटकात उभे. दोघं एकाच रिक्षाने गेलो; ऑफिसात हे बाहेरच्या बाकावर बसले, मी आत गेले.

साहेबांनी आधीचा जबाब काढला. विचारलं, "म्हणजे हा खोटा होता?"

"नाही. तेव्हा मला एवढंच माहीत होतं."

वायरमनचं नाव, खाणीचा पत्ता, फोनवरचं बोलणं, सगळं सांगितलं. पाइपवाले यायच्या आधीच्या शनिवारचं बोलणंही सांगितलं, ह्यांनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले ते. साहेब म्हणाले, जोडणी कुणी केली हे तुम्ही बघितलंय का? मी नाही म्हणाले. तेवढ्यात हे आत आले. बसा न म्हणताच बसले.

"मी केली. रविवारी, यार्डात. एकट्याने."

साहेबांनी विचारलं, ऑपरेटरला कल्पना होती?

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नव्हती," म्हणाले.

मी ते खोडून काढलं नाही. चूक की बरोबर, अजून ठरवता येत नाही. मी खरं सांगायला गेले होते आणि अर्ध्यावर गप्प बसून आले. पण ती अर्धी गोष्ट धाकटीची आहे, चिमणीची आहे. माझी नाही. पुढे काय होईल ते कळवतो म्हणाले साहेब. गुन्हा दाखल होईल. ह्यांना संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. मी एकटी परत आले.

ह्यांनी सकाळीच आईला सांगितलं होतं, मला न कळवता. घरात शिरले तर सासूबाई त्यांच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पडदे ओढलेले. मला हाक मारली. महिनाभरात पहिल्यांदा.

मी दारात उभी राहिले. मला वाटलं, आता माफी मागतील, आणि मला ती नको होती. किंवा म्हणतील, एक गेला होता, दुसरा तू पोचवलास. त्याची तयारी करूनच आले होते.

"त्याला ठेवून घेतलं?"

"हो."

"जेवला होता का निघताना?"

"नाही."

त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुझ्यावर राग धरणं सोपं होतं गं. तू परक्या घरची. आता पोटच्यावर कसा धरू? आणि न धरून तरी त्या दुसऱ्याला काय तोंड दाखवू?"

मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी हात धरला नाही, मीही नाही धरला. बाहेर अंधारून आलं तेव्हा मी दिवा लावायला उठले.

"नको लावूस," त्या म्हणाल्या. "बस जरा."

मी बसले.